तारीख हलत नाही

आम्ही आठ मित्रमैत्रिणी दर हिवाळ्यात डोंगरातल्या एका केबिनमध्ये, म्हणजे लाकडी घरात, एकत्र राहायला जातो. ह्या केबिनची तारीख भर उन्हाळ्यात ठरते आणि हे मुद्दाम केलेलं आहे. सगळे पंखे लावून बसलेले असतात, स्वेटर कुठल्या बॅगेत गेलेत तेही कुणाला आठवत नसतं, आणि अशा वेळी कुणीतरी ग्रुपवर जानेवारीतला एक शुक्रवार टाकतं. त्या शुक्रवारी बर्फ पडेल, वादळ येईल, का आधी पाऊस पडून मग रस्त्यावर त्याचीच काच होईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचा मार्गही नसतो. आठजणांचे आठ अंगठे आले की ठरलं. त्यानंतर तारीख हलवायची नाही, एवढा एकच नियम आम्ही इतकी वर्षं पाळत आलोय.

दिवसागणिक हवामान आठ-दहा दिवसांच्या पलीकडे खात्रीने सांगता येत नाही, आणि त्यात कुणाची हलगर्जी नाही, हवेचा स्वभावच तसा आहे. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये गणिताने दाखवून दिलं की सुरुवातीच्या मोजमापात अगदी केसाएवढा फरक असला तरी तो वाढत वाढत पुढचं सगळं चित्र बदलून टाकतो. तरीही अंदाज सुधारत गेलेत, दर दहा वर्षांमागे साधारण एका दिवसाने, म्हणजे आज पाच दिवस आधी जेवढं नीट सांगता येतं तेवढं दहा वर्षांपूर्वी चार दिवस आधी सांगता यायचं. यामुळे माणसं वाचतात, पिकं वाचतात, मला त्याचं मनापासून कौतुक आहे. फक्त आमच्यासारख्यांच्या बाबतीत त्याचा एक परिणाम असा होतो की डळमळायला जास्त दिवस मिळतात. पूर्वी गुरुवारी रात्री बातम्यांत कळायचं, तोवर बॅगा भरलेल्या असायच्या. आता सोमवारीच पहिला स्क्रीनशॉट येतो, जांभळा नकाशा, खाली बर्फाची जाडी, आणि मग मंगळवारी कुणीतरी लिहितं, "काय करायचं?"

मला हा मंगळवार फार महत्त्वाचा वाटतो. कारण आमचे बाकीचे सगळे बेत ह्याच मंगळवारी मेलेत. उन्हाळ्यातला ट्रेक, कुणाच्या नवीन घरी जमायचं, एकाचा पन्नासावा वाढदिवस, सगळ्यांना "बघू, पुढच्या आठवड्यात जमवू" असं म्हटलं गेलं आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे खरंखुरं कारण होतं. मुलाची परीक्षा असते, सासूबाईंचं ऑपरेशन असतं, ऑफिसमध्ये ऑडिट असतं. यातलं एकही कारण खोटं नाही आणि म्हणूनच ती जास्त घातक आहेत, खोट्या कारणाला आपण हसून उडवून लावतो, खऱ्या कारणापुढे गप्प बसतो. एकदा हवामानासाठी तारीख हलली की पुढच्या वर्षी ऑडिटसाठी हलेल, त्याच्या पुढच्या वर्षी नुसत्या कंटाळ्यासाठी. म्हणून मंगळवारच्या "काय करायचं?" ला आमच्यातली एकजण, जी सगळ्यांत कमी बोलते, दर वर्षी एकच उत्तर देते. फावडी किती आहेत ते विचारते.

आता हे वाचून कुणाला वाटेल की ही मंडळी हट्टाने वादळात गाड्या घालतात, तर तसं अजिबात नाही. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, तिथे ते शाळकरी पोरांनाही माहीत असतात. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत १८ माणसं गेली आणि त्यानंतर हे नियम घरोघरी पोचवायची मोठी मोहीम झाली. त्यातला आठवा नियम असा आहे की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. आम्ही हा नियम आमच्या नियमाच्या शेजारी ठेवलाय आणि दोघांचं भांडण होत नाही, कारण आमचा नियम तारखेचा आहे, जागेचा नाही. तारीख हलत नाही, जागा हलू शकते.

गाडी चालवणाऱ्याने "आता पुढे नाही" म्हटलं की चर्चा संपली, मागच्या सीटवरच्यांना मत नाही. ह्यावर आम्ही खूप बोललोय, कारण आमच्यात एक-दोघे असे आहेत ज्यांना थोडं अजून पुढे जाऊन बघावंसं वाटतंच. पण बर्फातला रस्ता धीटपणाला भाव देत नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ साधारण उणे नऊ-दहा अंशांपर्यंतच नीट काम करतं, त्याच्या खाली ते पडून राहतं आणि रस्ता तसाच. उलट शून्याच्या आसपास, जेव्हा आपल्याला वाटतं की आज काही फार थंडी नाही, तेव्हाचा बर्फ सगळ्यांत निसरडा, त्याच्यावर पाण्यासारखा पातळ थर असतो आणि उणे वीसला तोच बर्फ बराच खरखरीत लागतो. साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं म्हणून हिवाळी टायर, डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेटं, टॉर्च, भरलेली पॉवर बँक, आणि टाकी अर्ध्याच्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही. आणि गाडी बर्फात रुतून थांबलीच तर हीटर चालू करायच्या आधी बाहेर उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फाने बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला ना वास ना रंग, माणसं झोपेतच जातात. हे मी परत परत सांगत राहते आणि सांगत राहणार.

एका वर्षी पुढच्या गाडीतून फोन आला, घाटाच्या पायथ्याला, की समोरचं काही दिसत नाहीये, वारा आडवा आहे, आम्ही थांबतोय. तिथे एक साधं लॉज होतं, ट्रक ड्रायव्हर उतरतात तसं, दोन खोल्या मिळाल्या आणि आम्ही आठजण त्या दोन खोल्यांत तीन दिवस राहिलो. केबिन वर डोंगरात रिकामी, तिचे पैसे भरलेले. खिडकीतून पेट्रोल पंप दिसायचा आणि बर्फ ढकलणारी गाडी दर तासा-दोन तासांनी जायची तिचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरायचा. ना शेकोटी, ना झाडं, ना काही. पण ते वर्ष आमच्या हिशोबात पूर्ण धरलंय. कुणीच त्याला चुकलेलं वर्ष म्हणत नाही, आणि मला वाटतं आमची मैत्री खरी कशावर उभी आहे हे तेव्हाच आम्हाला समजलं, झाडं-बिडं नसतानाही ती तशीच होती.

तरीपण केबिन ती केबिन. पोचतो तेव्हा अंधार झालेला असतो आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार काही वेगळं नसतं. लाकडाच्या स्टोव्हची जबाबदारी आमच्यातल्या एकाकडे आहे आणि तो ती अतिशय मनापासून पार पाडतो. थंड धुराड्यात थंड जड हवा बसलेली असते, सरळ जाळ केला तर सगळा धूर खोलीत येतो, म्हणून तो आधी वर्तमानपत्राचा एक बोळा धुराड्याच्या तोंडाशी धरून जाळतो, हवा वर ओढली जायला लागली की मग बाकीचं. जाड लाकडं खाली, त्यावर बारीक, सगळ्यांत वर ढलप्या, आणि काडी वरून लावायची. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण खालचं लाकूड तापून त्यातून निघणारा धूर वरच्या जाळातून जाताना जळून जातो, त्यामुळे धूर कमी आणि ऊब जास्त. लाकूड वाळलेलंच हवं, वीस टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलं. ओलं लाकूड नुसतं फुसफुसतं, धुराड्यात डांबरासारखा काळा चिकट थर बसवतं आणि एखाद्या दिवशी तोच थर पेट घेतो.

पहिल्या रात्री एक गोष्ट दर वर्षी होते. थर्मामीटर अठरा दाखवत असतो आणि तरी सगळे कुडकुडत असतात. हवा तापलेली असते पण ओंडक्यांच्या भिंती अजून थंडगार असतात आणि आपल्या अंगातली ऊब त्या भिंतींकडे जात राहते. भिंती तापायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. तोपर्यंत सगळे स्टोव्हभोवती अगदी खेटून बसतात, टोप्या घालून, हातात सूपचे मग, आणि बोलणं म्हणजे बातम्या. कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली, कुणी घर घेतलं. हे सगळं आम्हाला ग्रुपवर आधीच कळलेलं असतं, तरी परत सांगितलं जातं आणि परत ऐकलं जातं.

मग रात्री कधीतरी वारा वाढतो. लाईट जाते. सकाळी दार उघडायला जावं तर ते उघडत नाही, बाहेर मांडीएवढा बर्फ साचलेला. नळातून बारीक धार रात्रभर चालू ठेवलेली असते, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइपला फुगता येत नाही. मग फावडी निघतात. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, त्याच्यात बहुतेक हवाच असते, म्हणूनच तो आवाजही गिळून टाकतो आणि दहा पावलांवरच्या माणसाची हाक लांबून आल्यासारखी वाटते. पण तोच बर्फ ओला झाला की एका घनमीटरचं वजन तीनशे किलोच्या वर जाऊ शकतं. आमच्यातल्या एकाला आता फावडं हातात घ्यायला बंदी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं काम झालं, आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना एकदम असं कष्टाचं काम करणं हृदयाला फार धोक्याचं असतं. पहिल्या वर्षी तो खिडकीत बसून राहिला, तोंड पाडून. दुसऱ्या वर्षी त्याला लाकडं मोजायचं काम दिलं, रात्रीला किती पुरतील, कुठली आधी घालायची, आत किती आणून ठेवायची, आणि तो आता त्याची वहीच ठेवतो. आम्ही सगळे त्याला विचारल्याशिवाय स्टोव्हचं दार उघडत नाही.

खरं जे काही होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. बातम्या संपलेल्या असतात. फोनला रेंज नाही, असली तर बॅटरी जपायची म्हणून बंद. बाहेर जाता येत नाही, परत निघताही येत नाही, आणि कुणाला "चल मला एक कॉल आहे" म्हणता येत नाही. एरवी आपण मित्रांना दोन-अडीच तास भेटतो. एवढ्या वेळात माणूस काय सांगणार, जे सांगायला सोपं आहे तेच सांगणार. अवघड गोष्ट बाहेर यायला आधी कंटाळा यावा लागतो, चांगला लांबलचक, सगळे गप्प आहेत आणि ते गप्प असणं कुणाला टोचत नाहीये असा. तो कंटाळा आम्हाला वर्षातून एकदाच मिळतो आणि तो वादळामुळे मिळतो.

अशाच एका दुपारी आमचा एक मित्र ढलप्या फोडत बसला होता. खाली मान घालूनच तो म्हणाला की त्याची नोकरी मार्चमध्येच गेलीये. म्हणजे दहा महिने. ह्या दहा महिन्यांत तो ग्रुपवर रोज होता, वाढदिवसाला केक पाठवत होता, केबिनचे पैसे सगळ्यांच्या आधी त्याने भरले होते. आमच्यातल्या कुणालाही पत्ता नव्हता. मला आठवतं कुणी लगेच सल्ला दिला नाही, कुणी "अरे सांगायचं ना" असं म्हटलं नाही. एकीने त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि स्वतः फोडायला बसली, आणि तो बोलत राहिला, संध्याकाळपर्यंत, घरी काय सांगितलंय, रात्री कशी जाते, सकाळी तयार होऊन लायब्ररीत जाऊन बसतो ते. जेवण झाल्यावर परत बोलला. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी त्याने पहिलं वाक्य बोलल्यावर कुणाचा तरी फोन वाजला असता, वेटर आला असता, कुणाला ट्रेन गाठायची असती, आणि त्यानेच "जाऊ दे रे" म्हणून विषय मिटवला असता.

त्यानंतर आम्ही खर्चाची पद्धत बदलली. आता एक जाड पाकीट फिरतं, ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यात टाकायचं, मोजणारी एकच आणि ती कुणाला काही बोलत नाही. त्या मित्राला पुढे काम मिळालं, पण पाकीट तसंच चालू आहे, कारण पुढच्या वर्षी कुणाची पाळी असेल ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

आमच्याकडे एक वही आहे, दर वर्षी कुणीतरी त्यात लिहितं. नॉर्वेच्या डोंगरातल्या केबिन्समध्ये अशी वही असतेच, आलेला माणूस नाव लिहितो, कुठून आला आणि पुढे कुठे निघालाय ते लिहितो, म्हणजे कुणी हरवलं तर शोधणाऱ्यांना दिशा मिळते. तिथली ट्रेकिंग असोसिएशन १८६८ सालची आहे, तिच्या साडेपाचशेहून जास्त केबिन्स आहेत आणि त्यातल्या कित्येकांत देखरेखीला कुणी नसतं, माणूस येतो, राहतो, पैसे प्रामाणिकपणे भरतो, आणि निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून आत ठेवून जातो. ही पद्धत आम्हाला इतकी आवडली की आम्हीही निघताना स्टोव्हमध्ये पुढच्यांसाठी लाकडं रचून ठेवतो, नुसती काडी लावायची बाकी. तर आमच्या वहीत एक वर्ष आकाश स्वच्छ होतं, निळंशार, वारा नाही. त्या वर्षाच्या फक्त दोन ओळी आहेत. सगळे सकाळी वेगवेगळ्या दिशांना गेले, कुणी स्की, कुणी फोटो, संध्याकाळी दमून आले आणि झोपले. छान होतं ते, पण लिहायला कुणाला काही सुचलं नाही. वादळाच्या वर्षांची मात्र पानंच्या पानं भरलीयेत, चार हस्ताक्षरांत, मधेच चित्रं, मधेच पत्त्यांचे स्कोअर.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या माळावर टॅन हिल नावाचा एक पब आहे, ब्रिटनमधला सगळ्यांत उंचावरचा, समुद्रसपाटीपासून ५२८ मीटर. २०२१ च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळात तिथे साठेक माणसं अडकली, शुक्रवारी संध्याकाळी गाणी ऐकायला आलेली, आणि तीन रात्री तिथेच राहिली, गादीवर, सोफ्यावर, जमिनीवर. बहुतेक एकमेकांना अनोळखी. बाहेर पडताना परत भेटायचं ठरवून बाहेर पडली. मी ही बातमी वाचली तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याच वादळात दुसरीकडे माणसं गेली, लाखो घरांची वीज गेली, तेही विसरता येत नाही. डोक्यावर धड छप्पर आणि कोपऱ्यात पुरेसं सरपण असलं तरच वादळाचं असं काही होऊ शकतं, नाहीतर ते नुसतं संकट आहे. आमच्याकडे ते छप्पर आहे याची आम्हाला दर वर्षी जाणीव असते.

आमच्यातली एक काळा लोकरीचा हातमोजा बाहेर ठेवून गार करते आणि मग त्याच्यावर बर्फाचे कण झेलते, खिशात भिंग असतं. उणे पंधराच्या आसपास, हवेत ओलावा भरपूर असला, की त्या सहा फांद्यांच्या चांदण्या पडतात, आणि उणे पाचच्या आसपास बारीक सुया. ढगात वर किती थंडी आणि किती ओलावा आहे त्यावर आकार ठरतो, हे उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने होक्काइदोच्या प्रयोगशाळेत स्वतः कण वाढवून शोधून काढलं, १९३६ मध्ये त्याने पहिला कृत्रिम हिमकण बनवला. त्याच्याही आधी अमेरिकेत व्हरमाँटमधला विल्सन बेंटली नावाचा शेतकरी १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका कणाचे फोटो काढत होता, पाच हजारांच्या वर काढले. आयुष्यभर तो वादळाची वाट बघत असायचा. १९३१ च्या डिसेंबरात हिमवादळातून चालत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेला. आमची मैत्रीण ही गोष्ट दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी सगळे तिचा मोजा बघायला बाहेर येतात, ज्याला फावडं बंद आहे तोसुद्धा, टोपी कानावर ओढून.

यंदा एक बदल करावा लागला. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, नेहमीच्या केबिनला रस्त्यापासून बरंच चढून जावं लागतं आणि बर्फात तिला ते जमणार नाही. तिने लिहिलं की या वर्षी तुम्ही सात जा. त्यावर कुणी वाद घातला नाही, दोन दिवसांत ग्रुपवर दुसऱ्या केबिनची लिंक आली, गाडी अगदी दारापर्यंत जाते, पायरी एकच आणि तिला कठडा आहे. स्टोव्ह लहान आहे म्हणून आमचा स्टोव्हवाला जरा नाराज आहे, त्याला लाकडं आखूड कापून आणावी लागतील. आज मंगळवार आहे. नकाशा जांभळा आहे, शनिवारी चाळीस सेंटिमीटर दाखवतोय, वारा उत्तरेचा. फावडी पाच आहेत, सहावं मी आणतेय.